मुंबईला निघालेला वरवंटा

उन्हाळ्याच्या सुट्टीत भोरला लोक येतात. भोरहून कुणी कुठं जात नाही. ठाणेकर, पुणेकर, झालंच तर सुरतेला गेलेले कुणी मामेभाऊ, सगळे एप्रिल संपला की पिशव्या घेऊन उतरतात. करवंदं खातात, धरणावर जाऊन फोटो काढतात, 'काय हवा आहे हो तुमची!' असं म्हणून दुपारभर घोरतात आणि उठल्यावर चहा मागतात. ज्यांना तो चहा करावा लागतो त्यांच्या वाट्याला ही हवा येत नाही, कारण त्या स्वयंपाकघरात असतात.

स्वानंदराव कुडल्यांच्या घरी त्या म्हणजे त्यांच्या पत्नी सुलूताई. स्वानंदराव एका हायस्कुलात हेडक्लार्क. त्यांची बहीण मंगल ठाण्याला दिलेली. ती दर मे महिन्यात नवरा, दोन मुलं आणि जमल्यास एखादी नणंद घेऊन भावाकडे येते, ती आंब्याचं लोणचं भरून झाल्यावरच जाते. लोणचं भरतात सुलूताई. नेते मंगल.

यंदा होळीला पुरण वाटता वाटता सुलूताई म्हणाल्या, "मे महिन्यात मी घरी नाही."

"म्हणजे?" स्वानंदरावांनी पेपरातून डोकं काढलं.

"म्हणजे मी पाहुणी होणार. कुठं तरी जाणार, बसणार, आणि कुणी तरी मला विचारणार, सुलू, चहा घेणार का? एवढंच पाहिजे मला. चार दिवस."

"मी विचारतो की!"

"तुम्ही विचारता, चहा झाला का."

स्वानंदरावांनी पेपरात पुन्हा डोकं घातलं, पण अक्षर लागेना. सुलूताईंचं माहेर हिर्डोशीचं, वरंध घाटाच्या वाटेवरचं. आईवडील गेले, भाऊ नोकरीसाठी गुजरातला गेला आणि घराला कुलूप लागलं. म्हणजे बाईला चार दिवस पाय पसरून बसायला हक्काची जागाच उरली नव्हती. हे स्वानंदरावांना माहीत होतं. फक्त त्यावर काही करायचं असतं हे माहीत नव्हतं. त्या दिवशी ते कळलं आणि त्यांना आपली लाज वाटली. लाज वाटली की माणूस भलतंच मोठं काहीतरी बोलून बसतो.

"मुंबईला जाऊ," ते म्हणाले. "हॉटेलात राहू."

खरं तर त्यांच्या मनात महाबळेश्वर होतं. पण सुलूताई म्हणाल्या, "तिथं काय हवा खायला जायचं? हवा आहे इथं. मला गर्दी पाहिजे, न ओळखणारी." पुण्याचा प्रश्नच नव्हता, पुण्याला भोरची माणसं दात काढायला जातात. मुंबई सुलूताईंनी कधी पाहिली नव्हती, आणि स्वानंदराव एकदा एका खटल्यात साक्षीला जाऊन संध्याकाळी परत आले होते, तेवढीच. तेव्हा मुंबई ठरली.

आता शाळेचं वेळापत्रक गेली कित्येक वर्षं स्वानंदरावच बसवत आले होते. गणिताचा आणि चित्रकलेचा मास्तर एकाच तासाला एकाच वर्गात आला, असं त्यांच्या राज्यात कधी घडलं नाही. तोच हात त्यांनी मुंबईवर चालवला. पहिला तास गेटवे. दुसरा तास म्युझियम. मग मधली सुट्टी, डबा. तिसरा तास राणीची बाग. अकरावीतल्या शुभ्रानं, म्हणजे लेकीनं, ते वाचलं आणि विचारलं, "बाबा, ऑफ तास नाही?"

"ऑफ तासाला मुलं बिघडतात," स्वानंदराव म्हणाले.

शुभ्रानं मोबाईलवरून दादरला एक हॉटेल ठरवलं. स्वानंदरावांनी चाकं असलेली एक नवी मरून बॅग आणली आणि ती रिकामीच दोनदा घरातल्या घरात ओढून पाहिली. सगळं गुपचूप चाललं होतं, आणि त्याला कारण होतं. भोर तालुक्यात एखादा माणूस मुंबईला निघाला असं कळलं की लोकांच्या लेखी माणूस निघत नाही, टेम्पो निघतो. 'जाताच हायसा तर एवढं नेता का?' या एका वाक्यावर घाटमाथ्याचा तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पोचत आला आहे. स्वानंदरावांना हे हमालीचं काम नको होतं. हेडक्लार्कानं चाकाची बॅग ओढत, गॉगल लावून मुंबईत उतरावं, असं एक चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. गॉगल आणला नव्हता, पण चित्र होतं.

बेत फुटला तो त्यांच्याच कर्तव्यनिष्ठेमुळे.

शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते, क्लार्कला नसते. शिवाय गाव सोडून बाहेर राहायचं तर 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' लागते. असे अर्ज तपासण्याचं काम स्वानंदरावांचंच. त्यांनी स्वतःचा अर्ज लिहिला, टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला जाऊन तो स्वीकारला, तपासला, आणि त्यात त्रुटी काढली.

"कुडले," मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या अर्जावर हा शेरा कुणाचा?"

"माझाच आहे, सर. कारण नुसतं 'कौटुंबिक' लिहिलंय. कौटुंबिक म्हणजे नेमकं काय, याचा खुलासा मी सगळ्यांकडे मागतो. मला सूट दिली तर स्टाफमध्ये कुजबुज होईल."

"मग करा खुलासा! अडवलंय कुणी?"

स्वानंदरावांनी खुलासा केला: 'सहकुटुंब मुंबई पाहणे, मुक्काम हॉटेल.' त्याची एक प्रत फायलीला, एक मुख्याध्यापकांना, आणि दोन्ही प्रती इकडून तिकडे नेणार चिमाजी शिपाई. चिमाजी उत्रोलीचा. त्याचा स्वभाव अत्यंत प्रामाणिक. जे वाचेल ते तो कुणापासून लपवत नाही.

संध्याकाळी स्वानंदराव घरी पोचले, तर शेजारच्या बनाबाई ओट्यावर बसलेल्या. मांडीवर नाचणीच्या पिठाची पिशवी. बाई विधवा, मुलगा मुंबईला शिवडीला राहतो.

"मंबईला चाललायसा म्हनं," बनाबाई म्हणाल्या. "मला कुनी सांगितलं न्हाई. पर आसू द्या. जाताच हायसा तर एवढं आमच्या पोराला पोचतं करा. तितलं पीठ म्हंजी नुसता भुसा."

"बनाबाई, आम्ही हॉटेलात उतरणार आहोत..."

"हाटेलात?" बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आन आपली मान्सं तितं जित्ती आसताना? कुनाचं भांडान झालंय का?"

रात्रीपर्यंत अख्ख्या गल्लीत कळलं की कुडल्यांचं मुंबईच्या सगळ्या नातेवाइकांशी वाजलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सोमनाथराव आले. हे एसटीतून निवृत्त झालेले आणि मुंबईचे जाणकार, कारण ते ऐन तारुण्यात तिथं तीन महिने मावशीकडे राहून कावीळ घेऊन परतले होते. त्यांनी चहा घेता घेता सल्ले दिले. मुंबईत कुणाला पत्ता विचारायचा नाही, कळतं की नवीन आहे. कुणी पत्ता सांगायला लागलं तर ऐकायचं नाही, ते त्यांचं जाळं असतं. पाणी प्यायचं नाही. घाम पुसायचा नाही, खिशाकडे हात गेला की चोरांना खिसा कळतो. "बाकी मुंबई छान," असा त्यांनी समारोप केला. सुलूताईंनी त्यांची कपबशी उचलली आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की स्वानंदरावांना आपण निघेपर्यंत अजून किती कपबश्या उचलल्या जाणार आहेत याचा अंदाज आला.

आणि माल येऊ लागला. पाली गावचा भिमा, याला स्वानंदरावांनी कधी काळी मुलाचा दाखला लवकर काढून दिला होता, तो इंद्रायणी तांदळाचं पोतं दाराशी टेकवून म्हणाला, "सायब, तुमचे उपकार मी इसरलो न्हाई." उपकार न विसरणारा माणूस पोतं घरी का ठेवत नाही, हा प्रश्न स्वानंदरावांच्या ओठावर आला आणि परत गेला. तांदूळ शिवडीला भावाकडे पोचवायचा होता. मग कैऱ्यांची करंडी आली. तीही शिवडीलाच. निम्मं घाटखोरं शिवडीला राहतं, हे स्वानंदरावांना त्या आठवड्यात नव्यानं कळलं. चाकाची मरून बॅग सामानामागे कुठं गेली ते दिसेना.

"नाही म्हणायला शिका," शुभ्रा म्हणाली.

"म्हणतो की. पण त्यांना ऐकू जाईपर्यंत ते पोतं टेकवून गेलेले असतात."

नाही म्हणायचं राहून गेलेलं आणखी एक ठिकाण होतं. मंगलला त्यांनी सांगितलंच नव्हतं. सुलूताईंना मात्र 'कळवलं, कळवलं' म्हणून मोकळे झाले होते. तीनदा फोन लावला होता. पण मंगल पहिल्यापासून बोलायला लागायची, "दादा, यंदा आम्ही जास्त राहणार बरं का, वहिनीला सांग, कैऱ्या आणून ठेव," आणि दादाचं तोंड उघडेपर्यंत फोन संपायचा. शेवटी त्यांनी घराची एक किल्ली बनाबाईंकडे ठेवली आणि बाकी देवावर सोडलं. भित्रा माणूस फार देवभक्त असतो.

निघायच्या आदल्या दिवशी हिर्डोशीहून फुलाबाई आल्या. या सुलूताईंच्या चुलत काकू. हिर्डोशीची एसटी दिवसातून मोजून दोनदा, त्यातली एक येईलच असं नाही. तेव्हा फुलाबाई अर्ध्या वाटेपर्यंत पायी आणि पुढे दुधाच्या टेम्पोत बसून आल्या होत्या. त्यांनी काखेतलं गाठोडं अलगद खाली ठेवलं. वर जुनी गोधडी, आत मऊ लुगडं, आणि लुगड्याच्या आत एक काळाभोर, गुळगुळीत वरवंटा. त्याच्या टोकाला लाल खणाची कुंची बांधलेली.

"सुले, अमृतला ल्योक झालाय," फुलाबाई म्हणाल्या. अमृत त्यांचा एकुलता एक, मुंबईत गोदीत कामाला, राहायला तोही शिवडीलाच. "आइतवारी बारसं हाय. म्या जानार व्हते, पर म्हस गाभन हाय, आज येती का उंद्या, काय भरवसा न्हाई. तिला टाकून जायचं कसं? मंग ह्यो गोटा तेवढा ने गं बाई. अमृतच्या बापाच्या पाळन्यात आदी ह्योच निजला, अमृतच्या पाळन्यातबी ह्योच. ह्यो निजल्याबिगर आमच्यात लेकराला पाळन्यात घालत न्हाईत."

"काकू, मुंबईत मिळत असेल की वरवंटा," स्वानंदराव मध्ये बोलले. आधीच पोतं, पीठ आणि करंडी होती. त्यात दगडाची भर म्हणजे त्यांच्या सहनशक्तीची हद्द होती.

फुलाबाईंनी जावयाकडे पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला. "जावईबापू, सुनंकडं तितं मिक्सर हाय. मिक्सरला कुंची घालून पाळन्यात निजवू व्हय?"

सुलूताई मात्र वरवंट्यावरून हात फिरवत होत्या. लहानपणी याच वरवंट्यावर त्यांनी काकूच्या स्वयंपाकघरात मिरची वाटली होती आणि डोळ्यांत हात घालून रडल्या होत्या. "नेते मी," त्या म्हणाल्या. "माझ्या मांडीवर नेते."

"आन ह्येला उघड्या डोसक्यानं नेऊ नगंस," फुलाबाईंनी बजावलं.

शनिवारी पहाटे मुंबईची गाडी लागली. पोतं, करंडी आणि पीठ मागं टाकून स्वानंदराव घामाघूम होऊन जागेवर आले, तर सुलूताईंना खिडकीची जागा देऊन एक म्हातारबुवा आपण होऊन उभे राहिलेले. गोधडीत गुंडाळलेलं, लाल कुंची घातलेलं ते बाळ पाहून अख्खी गाडी हळवी झाली होती. कंडक्टरनं तिकीट देताना "बाळाला वारं लागू देऊ नका ताई" म्हणून पुढची काच सरकवून दिली. सुलूताईंनी काही खुलासा केला नाही. लोक त्यांना जागा देत होते, पाणी देत होते, 'दमलीस का गं' विचारत होते. खुलासा करणं हे त्यांच्या नवऱ्याचं काम, त्यांचं नव्हे.

घाट उतरून गाडी चहाला थांबली. सुलूताई आणि शुभ्रा हातपाय धुवायला गेल्या आणि वरवंटा स्वानंदरावांच्या हातात आला. पलीकडच्या बाकावरची एक पोक्त बाई कौतुकानं वाकली.

"किती गुणाचं आहे हो! एवढ्या प्रवासात हूं की चूं नाही."

"अहो, दगड आहे तो," स्वानंदराव वैतागून म्हणाले.

बाईचा चेहराच उतरला. ती नवऱ्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, "पाहिलंत? पोटच्या पोराला दगड म्हणतोय. असले असतात म्हणून बायका बिचाऱ्या!" कुंची सोडून आतला दगड दाखवावा की अब्रू राखून गप्प बसावं, या विचारात हेडक्लार्क कुडले पडले. शेवटी त्यांनी वरवंट्याला हळूच थोपटलं. तेव्हा कुठं बाईची नजर निवळली.

दादरला ते हॉटेलात पोचले तेव्हा पहिला तास सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून स्वानंदराव खुशीत होते. काउंटरवरच्या मुलानं मोबाईल पाहिला, ओळखपत्रं पाहिली, पोत्याकडे पाहिलं, करंडीकडे पाहिलं, आणि कुंचीकडे पाहून म्हणाला, "बुकिंग तीन जणांचं आहे. बाळ वेगळं."

"बाळ नाही," स्वानंदराव म्हणाले आणि त्यांनी एकदाची कुंची सोडली.

मुलानं वरवंटा पाहिला. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं वरवंटा पाहिला, स्वानंदरावांना पाहिलं, आणि फार सांभाळून बोलायला सुरुवात केली, जसं वेड्याशी बोलतात तसं. खोली मिळेल. जरूर मिळेल. पण दुपारी दोननंतर. तोपर्यंत आधीचे लोक खोलीत आहेत. सामान? बॅग ठेवता येईल. धान्य नाही ठेवता येणार, साहेब, उंदरांचा प्रश्न आहे. आणि ते जे काही आहे, ते सोबतच असू द्या.

असा नियम असतो हे स्वानंदरावांना ठाऊक नव्हतं. भोरला पाहुणा पहाटे आला तरी त्याला 'दोननंतर या' असं कुणी म्हणत नाही. हॉटेलच्या दाराशी फुटपाथवर पोत्यावर सुलूताई बसल्या, मांडीवर वरवंटा, शेजारी करंडी. येणारी-जाणारी मुंबई वळसा घालून चालली होती. गेटवेचा तास बुडाला. स्वानंदरावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं होतं. ती नुसती दमलेली दिसत होती. पाहुणी व्हायला निघालेल्या बाईला आपण रस्त्यावर आणून बसवलं, असं त्यांना वाटलं.

"परत जायचं का?" त्यांनी विचारलं.

"बारसं उद्या हाय," सुलूताई म्हणाल्या. चिडल्या किंवा थकल्या की त्यांच्या तोंडून हिर्डोशी यायची. "गोटा पोचवू. माल पोचवू. मंग बघू कुठं मरायचं त्ये."

टॅक्सीवाल्यानं डिकीला दोरी बांधली आणि ते शिवडीला पोचले. अमृतच्या पत्त्यावर चाळ असेल असं वाटलं होतं. चाळ केव्हाच पाडलेली, जागी मोठा टॉवर. खाली वॉचमन. सोमनाथरावांच्या सल्ल्याप्रमाणे पत्ता विचारायचा नव्हता. पण स्वानंदरावांनी तोंड उघडण्याआधीच वॉचमन पोतं बघून हसला.

"भोरचे का? तांदूळ ना? लिफ्ट त्या बाजूला, अकराव्या मजल्यावर. तुमचे लोक वर वाट बघतायत."

अकराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर निम्मं खोरं उभं. फुलाबाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. बनाबाईंचा मुलगा होता, भिमाचा भाऊ होता, कैऱ्यांचे मालक होते, आणि सगळ्यांच्या पुढे अमृत. त्यानं कुणाच्या पोत्याकडे पाहिलंच नाही.

"आली! आत्या आली!" तो घरात बघून ओरडला. मग सुलूताईंच्या पाया पडला. "आक्का, आईनं सांगितलं, गोटाबी येतोय आन पोराची आत्याबी. मला बहीण न्हाई, म्हनून बारशाला आत्या कोन करावी ह्याचा घोर लागला होता बघ."

माहेरच्या माणसानं 'आक्का' म्हणून हाक मारल्याला किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. त्यांच्या पायांवर दारातच पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि अमृतच्या बायकोनं, वैष्णवीनं, बाळंतीण असूनही आतून हाक दिली, "आत्याबाईंना गादीवर बसवा. कुणी उठू देऊ नका त्यांना!"

खिडकीखाली गादी होती. सुलूताई बसल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा वाढवला, आणि तेवढ्यात बनाबाईंची सून वाकून म्हणाली, "आक्का, चहा घेनार का? का सरबत करू?"

स्वानंदराव दारातून पोतं आत ओढत होते. ते तसेच थांबले. सुलूताई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"चहा," सुलूताई म्हणाल्या. "साखर जास्त."

दादरची खोली दोन वाजता मिळाली असती. ती घ्यायला कुणी गेलं नाही, अमृत जाऊन चाकाची बॅग तेवढी घेऊन आला, आणि आल्यावर म्हणाला, "दाजी, हाटेलात उतरत होता? आमच्याशी कुनाचं वाजलंय का?" ही बातमी बनाबाईंच्या गल्लीतून त्यांच्या आधी इथं पोचली होती.

रविवारी सकाळी बारसं झालं. पाळण्यात आधी वरवंटा निजला, कुंचीसकट, अगदी शहाण्यासारखा. मग त्याला उचलून बाळाला घातलं. सुलूताई नव्या लुगड्यात पाळण्याशी वाकल्या आणि बाळाच्या कानात 'स्वरूप' असं नाव सांगून 'कुर्रर्र' केलं. तोच त्यांच्या पाठीवर बायकांच्या धपाट्यांचा वर्षाव झाला, आत्यानं नाव ठेवलं की हा आहेर असतोच. सुलूताई हसत होत्या, "मेले गं!" म्हणून ओरडत होत्या, आणि पाठ पुढे करत होत्या. स्वानंदरावांनाही खुर्चीवर बसवून टॉवेल-टोपी दिली. ते गावचे जावई. काल फुटपाथवर गेलेली त्यांची अब्रू त्या टोपीखाली पुन्हा नीट बसली.

आणि तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मंगल.

"दादा! आम्ही दारात उभे आहोत! घराला कुलूप! तुम्ही आहात कुठं?"

स्वानंदरावांचा चेहरा पडला. "त्याचं असं आहे, मंगल..." ते म्हणाले आणि नव्या टोपीनं कपाळ पुसू लागले. सुलूताईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. 'कळवलं, कळवलं' चा सगळा हिशेब त्यांच्या लक्षात आला. त्यांनी हात पुढे केला. स्वानंदरावांनी मोबाईल दिला आणि खुर्चीची दांडी घट्ट धरली.

"वन्सं, मी सुलू. मुंबईला आलोय आम्ही. किल्ली बनाबाईंकडे आहे. दूध सकाळी येतं, पातेलं बाहेर ठेवा. कैऱ्या बाजारात छान आल्यात, लोणचं भरून टाका."

स्वानंदरावांनी डोळे मिटून घेतले. मग मंगलचा आवाज आला, जरा बारीक झालेला: "वहिनी... साखर कुठे असते गं?"

"शोधा, सापडेल," सुलूताई मायेनं म्हणाल्या. "मलाही सुरुवातीला सापडत नव्हती."

आभाळ कोसळायचं होतं ते कोसळलं नाही. स्वानंदरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या माणसानं पाणी आणून दिलं. इतके दिवस ज्या फोनची धास्ती होती तो फोन एवढासाच होता. संध्याकाळी मंगलचा मेसेज आला, साखर सापडली, आणि तिच्या नवऱ्यानं चहा केला, पण तो कुणाला पिता आला नाही.

जेवणं उरकल्यावर सुलूताई गादीवर खिडकीशी बसल्या होत्या. खाली खाडीच्या चिखलात गुलाबी पक्ष्यांचा थवा उतरलेला होता. दरवर्षी लांबून येतात म्हणे, मे महिना संपेपर्यंत राहतात. सवयीनं त्या रिकाम्या कपबश्या गोळा करायला उठू लागल्या, तर मागून दोघी-तिघींनी खांदे धरून त्यांना खाली बसवलं. "आत्याबाई, उठायचं न्हाई!" सुलूताई बसल्या. पाय पसरले. मांडीवर वरवंटा होता. कामगिरी पार पडल्यावर तो पुन्हा त्यांच्याच स्वाधीन झाला होता, कारण आता त्याला हिर्डोशीला कोण नेणार? आक्का जातीच हाय तर.

शुभ्रानं खिशातून घडी घातलेलं वेळापत्रक काढलं. गेटवे राहिलं होतं, म्युझियम राहिलं होतं, राणीची बाग राहिली होती. "बाबा," तिनं विचारलं, "आता कुठला तास?"

स्वानंदरावांनी डोक्यावरची नवी टोपी सारखी केली आणि बायकोकडे पाहिलं. ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटत होती, आणि कुणीतरी हळूच तिच्या पायांवर चादर घालत होतं.

"मधली सुट्टी," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि घंटा देऊ नकोस."